विदूषकाच्या छातीवर माझा कोट

माणसाने आयुष्यात स्वतःच्या कोटाला कात्री लावू नये. लावायचीच वेळ आली, तर कापड एकपदरी धरलंय की दुपदरी, एवढं तरी आधी बघून घ्यावं. आता हे सांगून काय उपयोग म्हणा. ज्याला सांगायला हवं होतं तो मीच, आणि माझ्या कोटाला जे व्हायचं ते होऊन गेलं.

आमच्या बाबांचा ऐंशीवा वाढदिवस होता. नुसता वाढदिवस असता तर केक आणून, फोटो काढून मोकळे झालो असतो. पण त्या दिवशी बाबा निकाल देणार होते. यापुढे राहायचं कुणाकडे, माझ्याकडे की दादाकडे? दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत, एक माणसांसाठी आणि एक सामानासाठी. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे दोन्ही कामांना मीच. दादाने बाबांसाठी वेगळी खोली काढून ठेवली होती. तिथे बटण दाबलं की मागे झुकणारी, दुसरं बटण दाबलं की पाय वर करणारी खुर्ची होती. तिचे सतरा फोटो त्याने मला पाठवले होते. बाबांनी ते सगळे बघितले आणि म्हणाले, "वाढदिवसाला सांगतो."

खरं सांगायचं तर मला बाबा जायला नको होते. पण आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. बाबांनी पस्तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं. आता हात थरथरतात, म्हणून हातोडी माझ्याकडे आणि तोंड त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली आहे. त्यांची एक लाकडी आरामखुर्ची आहे, त्यांनीच केलेली. तिचा मागचा पाय दर आठवड्याला निखळतो आणि दर रविवारी मी तो ठोकतो. "खिळ्याचं टोक बोथट कर आधी, लाकूड फाटेल! तिरपा गेला! गाढवा, तुझ्या वयाच्या पोरांना मी स्टूल करायला शिकवलं!" माझ्या वयाची पोरं, म्हणजे बावन्न वर्षांची, बाबांच्या शाळेत कशी काय होती, हे विचारायची सोय नसते.

एकदा चहा पिताना बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "हल्ली कळसूत्री बाहुल्यांचे खेळ होत नाहीत कुठे. लहानपणी एका बाहुलीचा मोडलेला हात मी बसवून दिला होता." एवढंच. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दादा खुर्ची देतोय ना? मी खेळ देतो! बघू या कोण जिंकतं.

"अहो, त्यापेक्षा जिन्याला कठडा लावून घ्या," बायको म्हणाली. "त्यांना उतरताना धरायला काही नाही."

हिला कलेची जाण नाही, असं मी मनात म्हणालो. मनात म्हणालो, कारण मला जेवायचं होतं.

बातमी बाहेर फुटली तशी शेजारच्या दाराचे तज्ज्ञ हजर झाले. यांचं खरं नाव इमारतीत कुणी वापरत नाही. जगात असा विषय नाही ज्यावर त्यांचं मत नाही, आणि असं मत नाही जे ते स्वतःपाशी ठेवतात. "बाहुल्या? छान, छान. पण दोरे नायलॉनचे नकोत. उन्हात चमकतात. आणि प्रेक्षक पूर्वेला तोंड करून बसवा." "का?" मी विचारलं. "का म्हणजे? बाहुल्यांची तोंडं पश्चिमेला असणार ना!" मी होकार दिला, आणि तिथेच चुकलो. आपण होकार दिला की तज्ज्ञ स्वतःला आयोजक समजू लागतात.

आवारात कार्यक्रम करायचा म्हणजे पालिकेची परवानगी लागते. मला याची चिंता नव्हती, कारण मी पालिकेतच आहे. नमुने विभागात. लोक जे अर्ज भरतात त्यांचे नमुने आम्ही तयार करतो. म्हणजे अर्जावरचे चौकोन कुठे असावेत, किती असावेत, 'सहीसाठी जागा' या शब्दांखाली जागा असावी की नसावी, हे सगळं माझ्या टेबलावर ठरतं. एकोणतीस वर्षांत मी खिडकीच्या पलीकडच्या बाजूला कधी उभा राहिलो नव्हतो. राहिलो आणि मला कळलं, की खिडकी फार खाली आहे. साहेबांना नमस्कार केल्यासारखं वाकून बोलावं लागतं.

"कार्यक्रमाचा प्रकार?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"कळसूत्री बाहुल्या."

"चौकोन नाही." त्याने अर्ज माझ्याकडे फिरवला. गायन, नृत्य, प्राणी. तीन चौकोन.

"नाही ते मला माहीत आहे. पूर्वी होता. हा अर्ज एका पानात बसवताना मीच काढला तो." त्या कामगिरीबद्दल मला प्रशस्तिपत्रकही मिळालं आहे. ते माझ्या टेबलामागे टांगलेलं आहे.

"मग काढण्याला काहीतरी कारण असेलच," कारकून अत्यंत आदराने म्हणाला. "तुम्ही विचार केल्याशिवाय थोडाच काढाल?"

आता याला काय सांगू, की त्या दिवशी मला घरी लवकर जायचं होतं? मी म्हटलं, प्राण्यांमध्ये टाका. तो म्हणाला, मग पशुवैद्याचा दाखला लागेल. शेवटी माझी दया आल्यासारखं बघत त्याने विचारलं, "बाहुल्या कशात उभ्या राहतात? चौकट असते? वर छत? पुढे पडदा?" मी तिन्हींना हो म्हटलं. "झालं तर मग! तात्पुरतं बांधकाम. चौकोन आहे." त्याने ठप्पा मारला. "पाहणी करायला अभियंता येईल, कार्यक्रमाच्या दिवशी." त्या ठप्प्याची रचनाही माझीच. फार सुबक उमटला होता.

बाहुलीवाली बाई वाढदिवसाच्या चार दिवस आधी घर बघायला आली. साठीची, सडसडीत, डोळे असे की आपली सगळी कपाटं उघडी आहेत असं वाटावं. सोबत तिचा नवरा. तो ढोलकी वाजवतो, बाकी बोलत नाही. मी तिला बसवलं आणि खेळात काय काय घालायचं याची टाचणं वाचायला घेतली. माझी नोकरी, माझं प्रशस्तिपत्रक, बाबांच्या सेवेतले माझे कष्ट, असे सगळे महत्त्वाचे मुद्दे होते.

"ते राहू दे," ती म्हणाली. "आम्ही यजमानाला काही विचारत नाही. यजमान खोटं बोलतो. शेजारी कोण आहेत?"

मग ती दोन तास तज्ज्ञांकडे बसली. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मी भिंतीला कान लावला होता असं बायको सांगते. मी फक्त भिंतीची ओल तपासत होतो.

जाताना बाई दारात थांबली. "एक रीत आहे आमची. ज्या घरी खेळ, त्या घरच्या कर्त्या माणसाच्या अंगावरच्या कपड्याचा वीतभर तुकडा लागतो. खेळातल्या सगळ्यात मोठ्या पात्राच्या छातीवर लावतो आम्ही तो. म्हणजे खेळ त्या घरचा होतो."

माझी छाती तिथल्या तिथे दोन इंच फुगली. सगळ्यात मोठं पात्र म्हणजे राजा! हे कुणी सांगायला हवं? दादा पहिल्या रांगेत बसलाय, पडदा वर जातोय आणि राजाच्या छातीवर माझं कापड! आणि त्याच कापडाचा कोट घालून मी शेजारीच उभा. लिफ्ट गेली खड्ड्यात.

"तुमचा जुना पायजमा आहे बघा," बायको म्हणाली.

राजाच्या छातीवर पायजमा? माझ्याकडे एक राखाडी कोट आहे, तांबड्या चौकड्यांचा. बढतीच्या वेळी घालायचा म्हणून शिवला होता. बढती अजून विचाराधीन आहे, कोट मात्र तयार आहे. मी विचार केला, आतली जी मुडपलेली पट्टी असते ना शेपटीकडे, तिच्यातला वीतभर कापला तर कुणाला कळणार आहे? कोट टेबलावर पसरला, पट्टी नीट चापून धरली आणि कचाकच कात्री चालवली. कापड जरा जाड लागलं. चांगल्या कापडाचं असंच असतं, असं मी स्वतःला बजावलं. तुकडा हातात आला तो एक नव्हता. दोन होते. कोट उचलून उजेडाकडे धरला, तर पाठीला कमरेखाली चौकोनी भोक, आणि त्यातून पलीकडे उभी असलेली बायको दिसत होती.

तिने त्याच भोकातून माझ्याकडे बघितलं.

"पायजम्याचा कापून देते," ती म्हणाली.

"नाही! आता तर कोटाचाच जाईल," मी म्हणालो. माणूस एकदा बुडाला की वरच्या पाण्याची खोली मोजत नाही. आणि वाढदिवसाला घालणारही तोच, कारण राजाशी जुळायला हवं. पाठ कुणाला दाखवायची नाही, एवढंच पथ्य. इतकी वर्षं नोकरी करून मला कुणाकडे पाठ फिरवायची सवय नव्हतीच.

वाढदिवसाची दुपार. दादा आणि वहिनी आले. दादाने तिसऱ्या मजल्यावर पोचून आधी पाणी मागितलं, मग श्वास मागितला आणि मग जिन्याकडे सूचक नजर टाकली. बाबा म्हणाले, "मी माझ्याच खुर्चीत बसून बघणार." म्हणजे खुर्ची खाली न्यायची. पुढून दादा, मागून मी. पाठ भिंतीला लावून मी तीन मजले खेकड्यासारखा उतरलो. "अरे, सरळ चाल ना!" दादा वैतागला. "तुझ्यामुळे माझे गुडघे सोलले." मी म्हटलं, पाठीत चमक भरली आहे. त्यावर तज्ज्ञांनी मला जिन्यातच तीन व्यायाम सांगितले, आणि तिन्ही पुढे वाकून करायचे होते.

खाली अभियंता टेप घेऊन बाहुल्यांची चौकट मोजत होता. पाच फूट बाय तीन. त्याने आत डोकावून बघितलं. "हवा खेळायला खिडकी नाही. न्हाणीघर नाही. माणसं राहणार कशी?"

"माणसं राहणार नाहीत हो, बाहुल्या टांगणार आहेत," मी म्हणालो.

"टांगणार?" तो चपापला. मग त्याने आणखी न विचारता एक पत्र्याचा फलक काढला आणि चौकटीच्या कपाळावर ठोकला. 'सदर बांधकाम मानवी वास्तव्यास अयोग्य. आत प्रवेश केल्यास जबाबदारी स्वतःची.' मी जवळ जाऊन बघितलं. मजकूर माझाच होता. माझ्या नमुन्यांची अंमलबजावणी इतकी चोख होते हे पाहून मला भरून यायला हवं होतं, पण नाही आलं.

पाच वाजता ढोलकी कडाडली. सगळी इमारत तज्ज्ञांच्या आज्ञेनुसार पूर्वेला तोंड करून बसली होती. बाबा मध्यभागी आपल्या खुर्चीत, एका बाजूला दादा. मी दुसऱ्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीला पाठ चिकटवून. पडदा वर गेला आणि राजा आला. लाल मखमल, सोनेरी काठ. छातीवर माझा चौकडा? छे! नावालासुद्धा नाही. राजा सिंहासनावर बसला, कडाक् आवाज झाला, मागचा पाय मोडला आणि राजा आडवा. "कुठे आहे तो गाढव?" राजा ओरडला.

आणि विदूषक आला. अंगात शंभर घरच्या शंभर ठिगळांचा झगा आणि छातीच्या मधोमध, नवाकोरा, राखाडी, तांबड्या चौकड्यांचा तुकडा. हातात हातोडी. बरं, आला कसा? पाठ भिंतीला लावून, खेकड्यासारखा. बाईने मला जिन्यातून उतरताना बघितलं होतं!

आवारात एकच हशा पिकला. दादाने आधी विदूषकाकडे बघितलं, मग माझ्या कोटाकडे, मग परत विदूषकाकडे. वहिनीने तोंडावर पदर धरला. तज्ज्ञ मागे वळून प्रत्येकाला समजावत होते, "तेच कापड! तेच कापड!" जणू कुणाला दिसत नव्हतं. माझ्या कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या की वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिने मला पोटात घ्यावं. अभियंत्याने पाहणी केलेलीच होती, तशी काही तडही दिसत नव्हती.

विदूषक सिंहासन दुरुस्त करू लागला. पहिला खिळा तिरपा. दुसरा स्वतःच्या बोटावर. तिसरा मारताना त्याने प्रेक्षकांना सांगितलं, "मी पालिकेत आहे, माझ्याकडे प्रशस्तिपत्रक आहे!" आणि सिंहासनाचा दुसराही पाय पडला. लोक डोळे पुसत होते. हे सगळं भिंतीपलीकडून गेलेलं, हे मला कळून चुकलं. मी बाबांकडे बघायला धजेना. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्यांच्यासमोरच माझी अशी धिंड निघाली होती. आता हा माणूस दादाकडे जाणार नाही तर काय करणार?

एवढ्यात बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. उभे राहिले. थरथरता हात पुढे करून गरजले, "अरे गाढवा! टोक बोथट कर आधी! लाकूड फाटेल!"

ढोलकी थांबली. विदूषकाने मान वळवून बाबांकडे बघितलं. "गुरुजी, किती वेळा सांगणार?"

"येईपर्यंत!"

"आणि नाहीच आलं तर?"

"तर मरेपर्यंत!"

लोक पुन्हा हसले, पण या वेळी जरा हळू. मग शेजारच्या राजाकडून भेट म्हणून सोन्याचं सिंहासन आलं. आपोआप मागे झुकणारं, आपोआप पाय वर करणारं. दादा खुर्चीत सावरून बसला. विदूषक मोडक्या सिंहासनाजवळ उभा राहिला, हातोडी खाली ठेवली आणि राजाला न विचारता सरळ बाबांना विचारलं, "गुरुजी, हे सोन्याचं आलंय. कधी मोडत नाही म्हणे. मग हे फेकून देऊ?"

सगळं आवार बाबांकडे वळलं. तज्ज्ञसुद्धा. हा निकाल असा, सगळ्या इमारतीसमोर, एका लाकडाच्या बाहुलीला दिला जाईल असं मला वाटलं नव्हतं.

बाबांनी दादाकडे बघितलं. "तुझ्याकडे सगळं आहे रे. चांगलं आहे. मी बघितलेत फोटो, सतराच्या सतरा बघितले." मग ते विदूषकाकडे वळले. "पण ते कधी मोडत नाही. मग मी दिवसभर करू काय? आणि ह्या मूर्खाला शिकवायचं कुणी?"

असं म्हणून ते समाधानाने, अंगाचा सगळा भार टाकून खुर्चीत बसले. कडाक्! मागचा पाय गेला.

मी धावलो. पाठबीठ सगळं विसरून धावलो आणि बाबांना अर्ध्यात धरलं. आम्ही दोघं खाली बसलो, मी खाली आणि बाबा माझ्या मांडीवर. माझी पाठ अख्ख्या इमारतीकडे होती. मागून जो गदारोळ उठला तो विचारू नका. तज्ज्ञांनी मोठ्याने जाहीर केलं की भोक आणि ठिगळ यांचं माप तंतोतंत जुळतं. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण बाबा हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. त्यांचं सगळं अंग हलत होतं आणि त्यांनी माझ्या कोटाची कॉलर घट्ट धरली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, हात रिकामे नव्हते.

दादाने येऊन दोघांना उठवलं. "मला नाही जमणार रे हे," तो माझ्या कानात म्हणाला. "मला तर हातोडीही धरता येत नाही." आणि त्याने जिन्याला कठडा लावून द्यायचं कबूल केलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

बाहुल्या पेटीत भरताना मी बाईला गाठलं. "बाई, तुम्ही म्हणालात सगळ्यात मोठं पात्र."

"मग?" ती म्हणाली. "राजा काय, आल्या आल्या पडतो आणि ओरडत राहतो. खेळ ओढून नेतो तो विदूषकच." तिने झग्याची पाठ दाखवली. खेळ झाला की छातीवरचा तुकडा पाठीवर जातो. माझा चौकडा आता कुठे कुठे फिरेल, कुणाकुणाच्या घरचे लोक त्याला हसतील, कोण जाणे. तिचा नवरा ढोलकी उचलताना पहिल्यांदाच बोलला. "कापड चांगलं आहे," तो म्हणाला.

रविवारी मी खुर्ची उलटी करून बसलो. बाबा समोर पलंगावर. खिळ्याचं टोक बोथट केलं, हातोडी उचलली आणि काय झालं कुणास ठाऊक, खिळा सरळ गेला. अगदी ओळंब्यासारखा सरळ. दुसराही गेला. मी मान वर केली. बाबा गप्प होते. खिळ्यांकडे बघत होते आणि त्यांचे हात मांडीवर उगाचच पडलेले होते. मला ती शांतता अजिबात आवडली नाही.

तिसरा खिळा मी तिरपा मारला.

बाबा पुढे वाकले. खिळ्याकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"गाढवा," ते म्हणाले, "मुद्दाम मारायचा म्हटलं तरी तुला खिळा धड तिरपा मारता येत नाही. आण इकडे, दाखवतो."